दाहाचे घराणे

आमच्या पुरुषोत्तमनगरात दिवस भोंग्यावर चालतो. शहादा तालुक्यातले हे छोटेसे गाव म्हणजे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची वसाहत. कारखान्याचे संस्थापक पी. के. अण्णा पाटील यांच्या पुरुषोत्तम या नावावरूनच गावाचे नाव पडले. गळीत हंगाम सुरू झाला की पाळी बदलताना भोंगा होतो. माणसे सायकलींवर टांग मारतात, घराघरांत डबे भरले जातात. अवेळी भोंगा झाला, तर सगळे धावत सुटतात. बगॅसच्या ढिगाला आग लागली असेल, नाहीतर आणखी काही घडले असेल. भोंगा स्वतः आग विझवत नाही, पण तो नसता तर विझवणारे आलेच नसते.

आता कल्पना करा, की हा भोंगा एक दिवस अडकून बसला आणि आग नसताना रात्रंदिवस वाजत राहिला. माणसे धावत येतील, पाण्याचे फवारे मारतील, दारे-खिडक्या फोडतील. आगीने झाले नसते ते नुकसान विझवणाऱ्यांच्या हातून होईल. आपल्या शरीरातही असा एक भोंगा आहे. आजचे बोलणे त्याच्याविषयी आहे.

प्रथम एक कबुली देतो. मी वैद्यकाचा माणूस नव्हे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. मग या विषयात तोंड घालण्याचे कारण काय, असे तुम्ही विचाराल. कारण घरातलेच आहे. २०११ सालच्या पावसाळ्यात आमच्या आईची बोटे सकाळी उघडेनाशी झाली. पहाटे उठून भाकरी थापणारी बाई, पण नऊ-दहा वाजेपर्यंत मूठ वळेना की उलगडेना. "भाऊ, हात माझे राहिलेच नाहीत रे," असे ती म्हणायची. आम्ही म्हणालो, वय झाले, वात आहे, गारठ्याने होते. कोणीतरी एका पुड्या देणाऱ्याचा पत्ता दिला. पुडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी आई खळखळून हसत भाकरी थापू लागली. आम्ही त्या माणसाला देवच मानले. पुढे काय झाले ते सांगेनच. त्याआधी हा दाह म्हणजे काय, ते पाहू.

पायात बाभळीचा काटा मोडला, की तास-दोन तासांत ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाच्या याच चार खुणा नोंदवून ठेवल्या. पुढे पाचवी जोडली गेली, ती म्हणजे त्या अवयवाचे काम थांबणे. हा दाह काटा करीत नाही, आपलेच शरीर करते. त्या जागेकडे रक्त जास्त जावे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे उतराव्यात, जंतू मरावेत आणि जखम भरावी, यासाठी केलेली ही धावपळ असते. म्हणजे दाह हा मुळात शत्रू नव्हे. दाहच झाला नसता, तर साध्या काट्यानेही माणूस दगावला असता.

पण पायातल्या काट्याची खबर पांढऱ्या पेशींना कोण देते? ती देणाऱ्या सूक्ष्म प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. २०२०-२१ च्या कोरोनाच्या दिवसांत हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचला. 'सायटोकाइनचे वादळ' हे शब्द तुम्हीही ऐकले असतील. या निरोप्यांची अनेक घराणी आहेत. त्यांतले एक जुने आणि नामांकित घराणे म्हणजे इंटरल्यूकिन-१ चे.

या घराण्याची पहिली ओळख तापामुळे झाली. ताप जंतू आणतो की शरीर स्वतःच आणते, हा जुना प्रश्न होता. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांतून दिसून आले, की पांढऱ्या पेशींमधून निघणारा एक पदार्थच ताप आणतो. १९७७ साली अमेरिकेत चार्ल्स डिनारेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या पेशींतला हा पदार्थ शुद्ध करून दाखवला. तो किती अल्प लागतो पाहा. शरीराच्या दर किलो वजनामागे काही नॅनोग्रॅम पुरतात, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशा मात्रेने माणूस थंडीने कुडकुडू लागतो.

मौज अशी, की हाच पदार्थ वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या नावांनी वावरत होता. कोणी त्याला ताप आणणारा म्हणे, तर कोणी पेशींना चेतवणारा. एकाच माणसाला माहेरी एक नाव, सासरी दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असावे, तसा प्रकार. १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या एका परिषदेत शास्त्रज्ञांनी इंटरल्यूकिन हे नाव ठरवले. पांढऱ्या पेशींनी आपापसात धाडलेला निरोप, असा त्याचा साधा अर्थ. १९८४ साली त्याची जनुके हाती लागली, तेव्हा कळले की हा एकटा नाही, दोघे भाऊ आहेत. एक अल्फा आणि दुसरा बीटा.

या दोघांचे स्वभाव निरनिराळे. अल्फा त्वचेच्या आणि शरीरातल्या अस्तरांच्या पेशींत आधीपासूनच भरून ठेवलेला असतो. पेशी फुटली की तो बाहेर सांडतो आणि बोंब ठोकतो. बीटा मात्र शिस्तीचा. तो आधी तयार नसतो. जंतूची चाहूल लागली की पेशी त्याला घडवते, पण घडवते ती निकामी रूपात. वात न लावलेल्या फटाक्यासारखा तो पडून राहतो. दुसरा इशारा मिळाला, तरच पेशीच्या आत एक यंत्रणा जुळते. ती कॅस्पेज-१ नावाच्या कात्रीला जागे करते, ती कात्री बीटाला कापते आणि मग तो बाहेर पडून कामाला लागतो. ही यंत्रणा २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. तिला इन्फ्लमासोम म्हणतात. म्हणजे हा भोंगा वाजवायला निसर्गाने दोन किल्ल्या ठेवल्या आहेत. एवढी काळजी घेतली आहे, त्या अर्थी भोंगा किती धोक्याचा असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. आग लावणाऱ्या या घराण्यातच आग विझवणाराही जन्माला आला आहे. भोंग्याचा निरोप ऐकण्यासाठी पेशींच्या अंगावर जणू कुलपे असतात. इंटरल्यूकिन-१ ची किल्ली त्या कुलपात शिरली की दाह सुरू होतो. या घराण्यातला तिसरा भाऊ हुबेहूब तसाच दिसतो. तोही कुलपात शिरतो, पण फिरत नाही. कुलूप अडवून बसतो, बस्स. त्यामुळे खरी किल्ली बाहेरच राहते. हा भाऊ किती मोलाचा आहे, ते २००९ साली जगासमोर आले. काही बालके जन्मतःच त्याच्यावाचून आली होती. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या त्वचेवर पू भरलेले फोड उठले आणि हाडे सुजली. जंतू कुठेच नव्हता. भोंगा वाजत होता आणि तो थांबवणारे घरात कोणी नव्हते. प्रयोगशाळेत बनवलेला हाच भाऊ, म्हणजे ॲनाकिन्रा नावाचे इंजेक्शन, त्यांना टोचले आणि दाह झपाट्याने ओसरला.

आज या घराण्यात अकरा जण मोजले जातात. इंटरल्यूकिन-१८ आहे, दम्याशी आणि ॲलर्जीशी संबंध असणारा ३३ आहे, त्वचेवर राज्य करणारे ३६ क्रमांकाचे भाऊ आहेत, आणि शांत करणारा ३७ सुद्धा आहे. सगळ्यांची कुंडली मांडत बसत नाही. आपल्या परिसरातल्या दुखण्यांशी यांचा संबंध कसा येतो, तेवढे पाहू.

पहिले दुखणे वातरक्ताचे. चरकसंहितेत त्याचे वर्णन आहे, आजचे डॉक्टर त्याला गाऊट म्हणतात. रात्री चांगला झोपलेला माणूस पहाटे पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने ओरडत उठतो. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. रक्तात युरिक आम्ल वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, हे जुनेच ज्ञान. पण त्या स्फटिकांनी एवढा वणवा का पेटावा? २००६ साली उत्तर मिळाले. पांढरी पेशी तो स्फटिक गिळते, तिच्या आतला इन्फ्लमासोम जुळतो आणि बीटा सुटतो. जंतू नाही, जखम नाही, तरी भोंगा झाला.

या दुखण्यावरचे एक जुने औषध कॉल्चिसिन. ते पेशीतल्या याच हालचालींना खीळ घालते. पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले मिरवणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. तिच्यातही हेच द्रव्य असते. अग्नीचे नाव असलेल्या वेलीत आग शमवणारे द्रव्य सापडावे, हे ऐकायला छान वाटते. पण कृपा करून तिचा कंद कोणी उगाळून घेऊ नका. तो जहाल विषारी आहे, आणि औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे.

दुसरे दुखणे आमच्या आईचे. माधवनिदानात आमवात म्हणून सांगितलेल्या दुखण्याशी त्याचे बरेच साम्य आहे. आजच्या भाषेत ऱ्हूमॅटॉइड संधिवात. हा म्हातारपणाची झीज नव्हे. यात शरीराची संरक्षक सेना आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. तिथे सुमारे दोनशे प्रौढांत एकाला हा रोग आढळला. म्हणजे तुमच्या-आमच्या गावातही त्याचे रोगी असणारच, फक्त त्यांना 'वात झालाय' एवढेच म्हटले जाते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या संधिवातात इंटरल्यूकिन-१ चा हात आहे, त्याच्यामुळे कूर्चा आणि हाड झिजायला मदत होते. ॲनाकिन्राला २००१ साली अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली, तीही याच रोगासाठी. पण अनुभव असा, की या रोगात त्याचा गुण बेताचाच येतो. इथे मुख्य कारभारी दुसऱ्या घराण्यांतले आहेत, एक ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि दुसरा इंटरल्यूकिन-६. सांधे सुजण्याचे चित्र सारखे दिसले, तरी प्रत्येक रोगात भोंगा वाजवणारा हात निराळा असतो. म्हणून एकाला लागू पडलेले औषध शेजाऱ्याने मागून घेऊ नये.

तिसरे दुखणे आमच्या जिल्ह्याचे, आणि ते सांगताना मला थोडे शरमिंदे व्हायला होते. माझ्या वर्गात धडगाव-अक्कलकुव्याकडची भिल्ल आणि पावरा समाजाची मुले असतात. त्यांतला एक मुलगा महिन्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राहायचा. विचारले तर म्हणे, "सर, हातपाय दुखतात." मी त्याला वर्गात सर्वांसमक्ष बोललो. वीस वर्षांच्या मुलाचे कसले हातपाय दुखतात, असे म्हणालो. पुढे कळले, की त्याला सिकलसेल होता.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एकच कडी बदललेली असते. प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. आजवर आपण याला रक्ताच्या प्रवाहात पडलेला अडथळा समजत होतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. या पेशी लवकर फुटतात. फुटल्या की त्यांतले हीम हे द्रव्य रक्तात मोकळे होते, आणि ते दाहाच्या यंत्रणेला चेतवते. म्हणजे या मुलांच्या अंगात भोंगा थोडाफार सतत वाजतच असतो. मग तो थांबवला तर कळा थांबतील का? तोही प्रयत्न झाला. इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाची एक छोटी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. दाहाच्या खुणा कमी झाल्या, परंतु वेदना मात्र अपेक्षेइतकी हटली नाही. शास्त्र असेच चालते. एक दार उघडते आणि आत आणखी एक दार दिसते.

तोवर हातात आहे ते करायला हवे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा रोग हटवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी थेंबभर रक्ताची असते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्यांनी ही एक पत्रिकाही पाहावी. आणि शिक्षकांनी, माझ्यासारखे तोंड उघडण्यापूर्वी, मुलाचे दुखणे एकदा विचारावे.

आता तुम्ही म्हणाल, की भोंगा इतका त्रास देतो, तर तो कायमचा बंदच का करू नये? याचेही उत्तर मिळाले आहे. २०१७ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि अंगात दाहाची खूण असलेले दहा हजारांहून अधिक रोगी तीत होते. त्यांना कॅनाकिनुमॅब दिले. कोलेस्टेरॉल होते तेवढेच राहिले, पण मधल्या मात्रेच्या गटात पुन्हा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांनी घटले. हृदयरोगातही दाहाचा वाटा आहे, हे त्यातून दिसले. परंतु त्याच चाचणीत जंतुसंसर्गाने मरणाऱ्यांची संख्या थोडी वाढली. भोंगा बंद केला की खरी आगही कळत नाही! ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला अडवणाऱ्या औषधांत तर झोपलेला क्षय जागा होतो, म्हणून ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात हे विसरून चालणार नाही.

आता त्या पुड्यांकडे वळतो. आईच्या पुडीत काय होते ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. दोन वर्षांत तिचा चेहरा गोल झाला. आम्ही म्हणालो, आईला बाळसे धरले! रक्तातली साखर वाढली, कातडी कागदासारखी पातळ झाली. मग एकदा पुड्या संपल्या, पाऊस फार होता, आठ-दहा दिवस आणायला जाणे झाले नाही. आई अंथरुणातून उठेना, उलट्या सुरू झाल्या आणि रक्तदाब खाली गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लक्षणे पाहून सांगितले, की हा स्टेरॉइडचा परिणाम आहे.

स्टेरॉइड हे काही विष नव्हे. कोरोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, इंग्लंडमधल्या चाचणीने दाखवले की प्राणवायू लागणाऱ्या रोग्यांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचतात. सौम्य आजाऱ्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. स्टेरॉइड एकाच वेळी अनेक भोंग्यांचे तोंड दाबते. म्हणून तर तिसऱ्या दिवशी आराम पडतो. पण आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी असेच एक द्रव्य रोज तयार करीत असतात. बाहेरून फुकट मिळू लागले की त्या काम सोडतात. मग बाहेरचे एकदम बंद झाले, तर शरीराजवळ स्वतःचे काहीच उरत नाही आणि जिवावर बेतते. म्हणून अशी पुडी घेत असाल, तर ती लपवू नका आणि एकाएकी सोडूही नका. पुडी हातात घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा. ते मात्रा हळूहळू उतरवतील.

आईला पुढे मेथोट्रेक्सेट सुरू झाले. ही गोळी या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून आमच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरात दर रविवारी लाल खूण असते. सहा-आठ आठवड्यांत सूज उतरली. साखर आटोक्यात आली. पण त्या दोन वर्षांत जी बोटे वाकली होती, ती वाकलेलीच राहिली. पुडीने ठणका थांबवला होता, सांध्याची झीज नव्हे. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या काही महिन्यांत आणले असते, तर बोटे सरळ राहिली असती." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. मी एम. ए. झालेला माणूस, घरात पुस्तकांची कपाटे, आणि आईच्या मुठीचा अर्थ मला दोन वर्षे लागला नाही.

तेव्हा, श्रोतेहो, एवढे लक्षात ठेवा. सकाळी सांधे तासाहून अधिक वेळ आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची बोटे सुजत असतील आणि हे सहा आठवडे चालले असेल, तर त्याला वय म्हणू नका. तरुण मुलाचे हातपाय पुन्हा पुन्हा दुखत असतील, तर त्याला आळस म्हणू नका. भोंगा कशासाठी वाजतो आहे, ते आधी जाणत्याकडून तपासून घ्या. आणि ज्याने पुडीत काय आहे हे सांगितले नाही, त्याची पुडी घेऊ नका.

आई आता भाकरी थापत नाही, ते काम आमच्याकडे सून करते. पण कणीक किती सैल, चूल किती तापलेली, हे ती ओट्याशी बसून सांगते. पहाटेचा भोंगा झाला की ती अजूनही सगळ्यांच्या आधी उठते, आणि वाकलेल्या बोटांची मूठ एकदा मिटून, एकदा उघडून पाहते. अलीकडे ती उघडते. अगदी पूर्ण नाही, पण चहाचा कप धरण्याइतकी.